गरीब असल्याचा सर्वात स्वस्त दाखला

तुमच्या नावाने पकड वॉरंट निघालं म्हणून एवढं घाबरायचं कारण नाही. २०१७ साली बांधावरून भावकीत काठ्या निघाल्या, भादंवि (भारतीय दंड विधान) ३२४, ५०४, म्हणजे हत्याराने दुखापत आणि चिथावणारा अपमान, लागलं, चार्जशीट झालं. मग तुम्ही पुण्यात वॉचमनची नोकरी धरली. प्रत्येक तारखेला एसटीचं भाडं आणि दोन दिवसांचा खाडा परवडेना. चार तारखा चुकल्या आणि कोर्टाला तुमची आठवण झाली. गावाकडून फोन आला, "हवालदार येऊन गेला, तुझं नाव घेत होता."

आता तुमच्या डोक्यात येईल की आपणहून हजर व्हावं. ही बुद्धी आवरा. वॉरंट काही दूध नाही, नासत नाही. कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा तुम्हाला धरेपर्यंत ते जिवंत राहतं. त्यापेक्षा आधी वकील बघा. कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ते भेटतात. पाच हजार सांगतील, टायपिंग आणि स्टॅम्प वेगळा. तुमच्याकडे अठराशे आहेत. चहाचे पैसे द्या आणि निघा.

मग कुणी तरी सांगेल, सरकार फुकट वकील देतं. देतं ना! १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, १५१०० हा फोन आहे. बाईमाणूस, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस किंवा अपंग व्यक्ती असेल, तर उत्पन्न विचारतही नाहीत. भांडणात बायकोला पुढे केलं असतंत तर आज सोय झाली असती. पण काठी तुम्हीच धरलीत, म्हणून वर्षाला ३ लाखांच्या आतलं उत्पन्न दाखवा. तहसीलचा दाखला आणा. त्याआधी तलाठ्याकडे जा, तो आज दुसऱ्या गावाला असतो. उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्रही पुरेसं धरता येतं, असं कायद्यात लिहिलेलं आहे, पण कायदा खिडकीवर बसत नाही. खिडकीवर बसतो तो म्हणतो, "दाखला आणा."

एवढी दगदग कशाला? त्याच कायद्याचं कलम १२ नीट वाचा. जो कोठडीत आहे त्याला उत्पन्नाची अट नाही. बाहेर उभे असाल तर गरिबी सिद्ध करा, आत गेलात तर वकील मिळेल. तेव्हा अटक व्हा. शुक्रवारी संध्याकाळी झालात तर उत्तम, शनिवार-रविवारी सुट्टी आली तर कोर्टात तुमची फाईल शोधायला कुणालाच घाई नसते.

याहून सुंदर सोय जामिनाची आहे. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेनंतर आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर माणूस गरीब आहे असं कायदा स्वतःच धरून चालतो आणि जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगतो. तलाठी नको, तहसील नको. सात दिवस आत झोपलात की दाखला तयार! फक्त एक बारीक अट आहे. आधी जामिनावर असताना तारखा चुकवल्या असतील, तर कोर्ट जामीन नाकारूही शकतं. म्हणजे नेमके तुम्ही.

तरीही प्रामाणिकपणा अंगात भिनलेलाच असेल, तर जा. कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहा, "वॉरंट रद्द होऊन मिळावे." कोर्ट फीचं तिकीट लावा. पुकारा झाला की चप्पल काढू नका, ते देऊळ नाही. साहेब विचारतील, "वकील कुठं आहेत?" नाहीत म्हणा. मागच्या बाकावरचे दोन-तीन वकील मान वर करून तुमच्याकडे बघतील, फी ऐकून सोडलेलं गिऱ्हाईक ओळखतील आणि पुन्हा मोबाईलमध्ये जातील. दंड होईल, नवा जामीनदार मागतील. जुना जामीनदार तुमचा चुलतभाऊ होता. त्याला "बंधपत्राची रक्कम का वसूल करू नये" अशी नोटीस आली, त्या दिवसापासून तो तुमचा फोन उचलत नाही. नवा शोधायला अर्धा तास मिळेल. त्याला सातबारा लागतो, आणि ज्याच्याकडे सातबारा आहे त्याच्याशीच तुमचं बांधावरून भांडण आहे.

समजा, साहेबांना दया आली आणि रोख भरून सुटलात. वॉरंट रद्द झालं. आता तो हुकूम पोलीस ठाण्यात पोचेल असं समजून गावाकडे निवांत जेवायला बसू नका. नक्कल विभागात अर्ज करा, हुकमाची नक्कल घडी घालून कायम खिशात ठेवा. कारण आठवड्याने रात्री साडेनऊला तोच हवालदार तोच जुना कागद घेऊन दारात उभा राहणार. त्याला रद्द झाल्याचं सांगा. तो म्हणेल, "कागद दाखवा." त्याला आत बसवा, चहा ठेवा. नक्कल सोमवारी मिळणार आहे आणि आज शनिवार आहे.