टाइप म्हणजे दर्जाची पायरी नव्हे

‘नॉर्मल, क्रोम, मेटल ही कॅसेटच्या दर्जाची चढती भाजणी. मेटल कॅसेट कुठल्याही डेकमध्ये घाला, रेकॉर्डिंग सरसच होणार. क्रोम मात्र हेड खातं.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. (डेक म्हणजे कॅसेट वाजवणारं-रेकॉर्ड करणारं यंत्र, हेड म्हणजे त्यातला टेपला टेकून आवाज लिहिणारा-वाचणारा भाग.) तिन्ही विधानं लंगडी आहेत.

चढती भाजणी म्हणाल, तर टाइपचा आकडा (१ म्हणजे नॉर्मल, २ क्रोम, ४ मेटल) फक्त एवढंच सांगतो की या टेपला किती बायस (रेकॉर्डिंग नीट उमटावं म्हणून आवाजासोबत दिला जाणारा उच्च वारंवारतेचा प्रवाह) आणि कोणतं इक्वलायझेशन (वरच्या-खालच्या पट्ट्यांचा तोल साधणारी जुळवणी) लागतं. इक्वलायझेशन मोजतात मायक्रोसेकंदांत: टाइप १ला १२०, टाइप २ आणि ४ला ७०. क्रोमवर टेपची सरसर (हिस) कमी ऐकू येते, त्यात या ७०चा वाटा मोठा आहे. प्लेबॅकमध्ये वरच्या पट्टीतला आवाज सुमारे साडेचार डेसिबलने खाली येतो, त्याबरोबर सरसरही. उलट खर्जाचा जोर उत्तम फेरिक टेप (आयर्न ऑक्साइडची, म्हणजे टाइप १) अस्सल क्रोमपेक्षा जास्त पेलते. मॅक्सेलची एक्सएल-१ टाइप १चीच होती. तिला कनिष्ठ म्हणणाऱ्याने ती ऐकलेली नसावी. (टाइप ३, म्हणजे फेरिक्रोम, या वादात येतच नाही. तो प्रकार कधीच बाद झाला.)

‘कुठल्याही डेकमध्ये’ हे तर सगळ्यात घातक. १९७९च्या सुमारास बाजारात आलेल्या मेटल टेपवर ऑक्साइड नसून शुद्ध धातूचे कण असतात. त्यांचं चुंबकत्व सहजासहजी बदलत नाही, म्हणून बायस नॉर्मलच्या साधारण अडीचपट लागतो. डेकला तेवढा देता आला नाही, तर आवाज किरटा होतो, फाटतो, पातळीही पडते. वर, साध्या इरेज हेडला (पुसणाऱ्या हेडला) जुनं रेकॉर्डिंग पुरतं पुसता येत नाही. नव्या गाण्याच्या दोन कडव्यांमधल्या शांततेत आधीचं गाणं कुजबुजत राहतं. प्लेबॅकला मात्र मेटल साध्या डेकवरही चालते, क्रोमचं बटण दाबलं की झालं. कॅसेटच्या वरच्या कडेला मधोमध खाचांची जोडी दिसली, तर ती मेटल. डेक स्वतःहून टाइप ओळखतो तो याच खाचा चाचपून.

राहिलं क्रोमचं हेड खाणं. टाइप २च्या बहुतेक कॅसेटमध्ये क्रोमियम नावालाही नसतं! टीडीके कंपनीची एसए ही टाइप २ची कॅसेट १९७५ सालची. तिच्यात कोबाल्ट चढवलेलं आयर्न ऑक्साइड आहे. हेड किती झिजेल हे ते पर्मलॉयचं (मऊ मिश्रधातूचं) आहे की फेराइटचं (कठीण सिरॅमिकचं), यावरही ठरतं. वेष्टनावरच्या ‘क्रोम’ या शब्दावरून ते कळत नाही.