आकाश बदललं तर बिघडलं कुठे?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून दुसऱ्यांदा. इंदूरच्या कृष्णपुरा छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या दगडी स्मारकांवर, आकाशगंगा चिकटवलेल्या फोटोला मी 'नौटंकी' म्हटलं, तो फोटो तुमचा होता हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर शब्द बदलला असता, मत नाही. तुम्ही लिहिता, एकोणिसाव्या शतकातले छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्याकडे सॉफ्टवेअर असतं तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि संयम हे न जमण्याला दिलेलं गोंडस नाव आहे.

दुसरा टोला वर्मी लागला. लेअर मास्क (फोटोचा हवा तेवढाच भाग झाकून बाकीचा बदलण्याची सॉफ्टवेअरमधली सोय) मला अजून धड जमत नाही.

पण तेव्हा साधनं नव्हती, हे काही खरं नाही. आकाश बदलणं १८५० च्या दशकापासून चालू आहे. त्या वेळी निगेटिव्ह काचेवर घेत, आणि त्या काचा निळ्या प्रकाशाला फार हळव्या. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरंफटक व्हायचं. फ्रान्सचे गुस्ताव्ह ल ग्रे ढगांची निगेटिव्ह वेगळी घेत आणि छापताना समुद्राला जोडत. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडर यांनी तर तिसाहून जास्त निगेटिव्ह जोडून एकच चित्र केलं. दीनदयाळ आपल्या इंदुरात बांधकाम खात्यातल्या नोकरीत असताना कॅमेऱ्याकडे वळले ते १८७० च्या दशकात, म्हणजे तोवर ही युक्ती जुनी झाली होती. १८८२ मध्ये ब्रिटिश अधिकारी लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते मध्य भारतातल्या वास्तू टिपत हिंडले. ग्वाल्हेरच्या किल्ल्याचे त्यांचे फोटो बघा, नजर दगडावरून हलत नाही.

ल ग्रेंच्या ढगांना मी नौटंकी म्हणणार नाही. डोळ्यांना दिसलेलं आणि काचेने गिळलेलं त्यांनी परत आणलं. (तेच ढग त्यांनी एकाहून जास्त फोटोंत वापरले, हे तुम्ही काढण्याआधी मीच सांगतो. तिथे मी जरा डळमळतो.)

आमच्या घरी आजीचा स्टुडिओत रंगवलेला फोटो आहे. नाकात सोनेरी नथ. फोटो काढला तेव्हा ती नथ सावकाराकडे होती, हे घरात सगळ्यांना माहीत. रंगवणाऱ्याने तेवढी नथ आणि लुगड्याचे काठ रंगवले, चेहऱ्याला ब्रश लावला नाही. खोटी आहे ती नथ, पण ती आजीचीच होती. दुसऱ्या कुणाच्या फोटोवर ती बसली नसती.

तुमची आकाशगंगा मात्र कुठेही बसते. मांडूवर बसते, लालबागेवर बसते, परवा एका लग्नाच्या अल्बमात नवरा-नवरीच्या डोक्यावरही पाहिली. इंदूरच्या मधोमध, एवढ्या दिव्यांत, ती दिसणं शक्य नाही हा मुद्दा मी सोडून देतो. माझी तक्रार वेगळी आहे. तिच्याखाली छत्र्यांचं नक्षीकाम कुणी बघतच नाही. फोटोखालच्या सगळ्या प्रतिक्रिया आकाशाबद्दल होत्या, मोजून बघा.

आणि हो, रोलच्या जमान्यात मी सराफ्यातल्या प्रत्येक बल्बला चांदणी फुटेल असा फिल्टर वर्षभर लावून फिरलो होतो. ते फोटो मागू नका. तुमचा मूळ फोटो मात्र पाठवा, विजेच्या तारा असतील तर तारांसकट.