गॅस नाही पेटत, कापड पेटतं

इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तोच दुसऱ्या दिवशी सिडकोतल्या मावशीने पाठवला, खाली 'खरं का रे?' असं लिहून. मी भूलतज्ज्ञ, म्हणजे आरोपी मीच. मेसेजचा सारांश असा: ऑपरेशन चालू असताना भुलीचा गॅस पेटून स्फोट होतो, म्हणून पूर्ण भूल टाळा, जागेपुरतं इंजेक्शन घ्या, स्पिरिट क्षणात उडतं, त्याची चिंता नको, आग लागलीच तर पाणी टाकू नका, करंट असतो. सोबत पांढऱ्या धुराचा फोटो.

आधी फोटो. तो नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयाचा आहे, २१ एप्रिल २०२१ चा. तिथे टाकीतून ऑक्सिजन गळला, पांढरे लोट उठले, पण आग लागली नव्हती. पुरवठा तुटला म्हणून माणसं गेली. नाशिककरांनी तरी हा फोटो 'स्फोट' म्हणून फिरवू नये.

आता भुलीचा गॅस. ईथरच्या काळात हे खरं होतं, ईथर भडकायचं. १९५६ पासून हॅलोथेन हे न पेटणारं भुलीचं औषध वापरात आलं आणि ते प्रकरण मागे पडलं. आज आम्ही आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन देतो. ज्या प्रमाणात देतो, त्या प्रमाणात ती पेटत नाहीत. नायट्रस ऑक्साइडही स्वतः जळत नाही, पण ऑक्सिजनसारखंच दुसऱ्याला जळायला मदत करतं. शाळेत विझत आलेली काडी ऑक्सिजनच्या नळीत धरली की भपकन पेटायची, आठवतं? ऑपरेशन थिएटरमध्ये तीच काडी म्हणजे अंगावरचं कापड, गॉज, केस. ठिणगी येते कॉटरीतून (विजेच्या उष्णतेने कापायचं, रक्त थांबवायचं उपकरण) किंवा लेसरमधून.

म्हणूनच 'जागेपुरतं इंजेक्शन म्हणजे सुरक्षित' हा सल्ला मला सगळ्यात धोकादायक वाटतो. चेहऱ्यावरची गाठ काढायची आहे असं समजा. रुग्ण अर्धवट झोपेत, नाकाला ऑक्सिजनची नळी, वर कापडाचा तंबू. खोलीतल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, पण या तंबूत तो साचत जातो, आणि कॉटरी चालते तिथून चार बोटांवर. डोकं, मान, छातीचा वरचा भाग, आगीचा धोका सर्वाधिक इथेच. पूर्ण भुलीत ऑक्सिजन बहुतेक वेळा श्वासनलिकेतल्या बंद नळीतून जातो, चेहऱ्याभोवती सांडत नाही. (घशाच्या ऑपरेशनला मात्र हे गणित बदलतं.) जागेपुरत्या भुलीत, चेहऱ्याजवळ कॉटरी चालणार असेल तेव्हा आम्ही ऑक्सिजन शक्य तितका कमी, ३० टक्क्यांच्या आत ठेवतो, कापड मोकळं सोडतो, आणि सर्जन कॉटरी हातात घेण्याआधी आम्हाला सांगतो. मग ऑक्सिजन बंद करून काही मिनिटं थांबायचं. जास्त ऑक्सिजन लागणारच असेल, तर नळी घालून पूर्ण भूल देणं बरं.

स्पिरिट क्षणात उडत नाही. ऑपरेशनआधी कातडी निर्जंतुक करायला अल्कोहोल असलेलं औषध लावल्यावर किमान ३ मिनिटं, आणि केसाळ जागी त्याहून बराच जास्त वेळ, वाळू द्यावं लागतं. बेंबीत, पाठीखालच्या चादरीत थारोळं साचतं, ते पुसायचं. घाईच्या दिवशी नेमकं हेच राहून जातं.

राहिलं पाणी. रुग्णाच्या अंगावर ज्वाळा दिसली की पेटलेलं कापड ओढून जमिनीवर टाकायचं, ऑक्सिजन बंद, आणि टेबलावरच्या वाडग्यातलं सलाइन ओतायचं. ते वाडगं त्यासाठीच भरून ठेवतात. एवढ्याने विझलं नाही तर आग विझवायचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. पावडरचा उघड्या जखमेवर नको. श्वासनलिकेतली नळीच पेटली तर विचार करायला वेळ नसतो: नळी बाहेर, गॅस बंद, घशात सलाइन. विझल्याची खात्री झाली की मास्कने श्वास द्यायचा, जमेल तर साध्या हवेने, आणि काढलेल्या नळीचा तुकडा आत राहिला नाही ना, हे तपासायचं.

मावशीला एवढं सगळं पाठवलं. तिचं उत्तर आलं, 'मग माझ्या मानेवरच्या गाठीला कुठली भूल?' तिला म्हटलं, तुझ्या डॉक्टरांना विचार, आणि स्पिरिट वाळायला किती वेळ देतात तेही विचार.