वजन युक्तिवादात नाही, तारखेत
सरकारी वकिलांचा हायकोर्टावर दबाव असतो, असं एका लेखात म्हटलंय. दबाव कसला, सवलत म्हणा! ‘खात्याकडून सूचना यायच्यात, दोन आठवडे द्या’ एवढ्यावर पुढची तारीख पडते. सरकारी नोकरभरतीची याचिका असेल तर तोवर पोरांची वयोमर्यादा उलटते, परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात पेठेत घेतलेल्या कॉटबेसिसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं चालूच. सरकारी वकील पारदर्शकपणे नेमा, हे सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच पंजाबच्या प्रकरणात सांगितलंय. तरी सरकार बदललं की सरकारी वकिलांचं पॅनेल, म्हणजे यादी, बदलतं. आणि ज्या तरुण वकिलाच्या मागे कुणी नाही (म्हणजे बहुतेकांच्या), त्याने सीनियरच्या फायली वाहायच्या, लोकलचा पास मात्र बापाच्या पैशाने काढायचा. त्याला पॅनेलवर कोण घेणार?