सीन तोच असेल, जागा चुकली त्याचं काय?

"अरे, सीन तर तोच आहे ना? मग आधी आला काय आणि नंतर आला काय!"

काल दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे ऐकल्यापासून माझं डोकं ठणकतंय. विषय होता 'द लास्ट ऑफ अस' या व्हिडिओ गेमवरून काढलेल्या मालिकेचा दुसरा सीझन, आणि त्यातला पोर्चवरचा सीन, जो गेममध्ये अगदी शेवटी येतो आणि मालिकेने आधीच दाखवलाय. बोलणाऱ्याने गेम खेळलेला नाही. कटसीन, म्हणजे गेममधले सिनेमासारखे प्रसंग, जोडलेला व्हिडिओ यूट्यूबवर बघितलाय, तोही दीडच्या स्पीडने. पण मत एकदम ठाम.

गेमचा पार्ट टू ज्यांनी खेळलाय त्यांना ती जागा पाठ आहे. एलीला बापासारखा असलेल्या जोएलला ॲबी मारते, आणि मग वीस-पंचवीस तास आपण एलीच्या सूडापायी फरफटत जातो. सिॲटल होतं, सांता बार्बरा होतं, हाताची दोन बोटं जातात, तिची जोडीदार डीना घर सोडून गेलेली असते. त्या रिकाम्या घरात एली गिटार हातात घेते, बोटं साथ देत नाहीत, आणि तेव्हा कुठे गेम आपल्याला ती रात्र दाखवतो. तिला वाचवायला जोएलने हॉस्पिटलात माणसं मारली आणि ते तिच्यापासून लपवलं; तो मेला त्याच्या आदल्या रात्री ती त्याला सांगून आली होती की त्याबद्दल माफ करता येईल असं वाटत नाही, पण प्रयत्न करून बघायचाय. म्हणजे ॲबीने तिचा माणूस तर मारलाच, वर माफ करायची संधीही कायमची नेली. हे शेवटी कळतं म्हणून मागचा प्रत्येक खून, प्रत्येक हट्ट वेगळा दिसायला लागतो. मी ते बघून कंट्रोलर बाजूला ठेवला आणि कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

मालिकेने हे सगळं सहाव्या भागातच देऊन टाकलं. अजून ॲबीचे मित्र ओवेन आणि मेल मरायचेत, सांता बार्बराचा तर पत्ताच नाही, आणि आपल्याला आधीच ठाऊक की त्या दोघांमध्ये समेटाची सुरुवात झाली होती. बरं, नुसती जागा बदलली असती तरी एक वेळ समजून घेतलं असतं. गेममध्ये एली एकटी सॉल्ट लेकच्या हॉस्पिटलात जाते, मागोमाग आलेल्या जोएलकडून खरं वदवून घेते, त्यानंतर त्यांच्यात लांबलचक दुरावा येतो, आणि त्या दुराव्यानंतर पोर्च येतो. मालिकेत अबोला आहे, पण जोएलने दिलेला शब्द मोडून युजीन नावाच्या गावकऱ्याला मारलं त्यावरून. हॉस्पिटलातलं सत्य जोएल कबूल करतो ते त्याच पोर्चवर, आणि माफीची भाषाही त्याच बैठकीत. आयुष्यातली सगळ्यात मोठी फसवणूक कळल्यावर माणूस काही मिनिटांत तिथवर पोचतो? त्या वाक्याला वजन होतं ते मधल्या काळाचं. तो काळच कापला तर उरतं काय?

हे मी अगदी शांतपणे सांगितलं. उत्तर काय मिळालं? "म्हणजे तूही बेला रॅमझीला शिव्या घालणाऱ्यांतलाच."

मालिकेत एली झालेल्या बेला रॅमझीचा विषय कुणी काढला होता? मी एक शब्द बोललो नव्हतो. त्या भागात रॅमझी आणि जोएल झालेला पेद्रो पास्काल दोघांनीही जीव ओतलाय, म्युझियमचा प्रसंग तर बघताना घशाशी हुंदका आला. मी बोलतोय प्रसंगांच्या क्रमाबद्दल, लेखनाबद्दल, आणि मला नेऊन बसवलं कुणाच्या पंक्तीत? २०२० मध्ये गेममधल्या ॲबीला आवाज दिला म्हणून लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या पाठवणाऱ्यांच्या! त्या नीच लोकांनी आमचं किती नुकसान केलंय हे त्यांना कधी कळणार नाही. अभिनेत्रीच्या चेहऱ्यावरून गरळ ओकणारे ते एका बाजूला, आणि प्रत्येक हरकतीला द्वेष म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मधल्या माणसाने तोंड उघडायचंच नाही.

पुढचा मुद्दा आला, "मूळ गेम बनवणाऱ्या नील ड्रकमननेच तो भाग दिग्दर्शित केलाय, तू कोण?" वा! मग सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ पुस्तकाच्या लेखकाने, जॉर्ज आर. आर. मार्टिनने, 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' या मालिकेबद्दल ब्लॉगवर लिहिलं तेव्हा हा न्याय कुठे गेला होता? हेलेना राणीच्या धाकट्या मुलाला, मेलॉरला, गाळल्यामुळे तिच्या प्रसंगाची धार गेली आणि पुढची साखळीही तुटणार, हे त्याने कारणांसकट मांडलं होतं. पुस्तकात मारेकरी तिला एक मुलगा निवडायला लावतात, ती माउली धाकट्याचं नाव घेते आणि ते मोठ्याला मारतात. जिवंत राहिलेल्या पोराकडे ती पुढे कुठल्या तोंडाने बघणार? मालिकेत तो पोरगाच नाही. ती पोस्ट नंतर काढली गेली, आणि हेच लोक म्हणत होते, म्हाताऱ्याने आधी आपलं रखडलेलं पुस्तक पुरं करावं. मूळ लेखक बदलाच्या बाजूने असला तर देव, विरोधात गेला तर कटकट्या!

आणि मला बदलच नको असतात, हे तर धादांत खोटं. 'द लास्ट ऑफ अस'मधले बिल आणि फ्रँक घ्या. गेममध्ये फ्रँक बिलला दूषणं देणारी चिठ्ठी ठेवून गळफास घेतो. मालिकेने त्याचं अख्खं आयुष्यभराचं प्रेम केलं आणि मी ते डोक्यावर घेतलं, कारण गेममध्ये नव्हतं ते तिथे नव्याने उभं राहिलं. ॲबीने जोएलला का मारलं हे मालिकेत लवकर सांगितलं तेही मला पटतं. गेममध्ये ॲबीला आपण स्वतः चालवतो, मालिकेत तशी सोयच नाही. बदल करा ना! पण जे काढलंत त्याच्या तोलाचं काहीतरी तिथे ठेवा.

'धडक'च्या वेळीही हेच ऐकून घेतलं होतं. 'सैराट'मधून जात पुसट केली आणि शेवट फिरवला. रक्ताच्या पावलांनी बाहेर पडणारं ते लेकरू, ज्याच्यासाठी अख्खा सिनेमा श्वास रोखून बसलेला, त्याच लेकराला बापासकट वरून फेकलं आणि नायिका पार्थवीला जिवंत ठेवलं. आम्ही बोललो तर म्हणे, मराठी लोक फार भावुक होतात. 'मास इफेक्ट ३' या गेमच्या वेळी, २०१२ मध्ये, म्हणे गेमर हट्टी आहेत. तीन गेम सांभाळून आणलेल्या निर्णयांचा शेवट रंग निवडण्यावर आणून ठेवला, तरी हट्टी आम्ही! जूनमध्ये गेम बनवणाऱ्यांनी स्वतःच फुकटात वाढीव शेवट दिला, तेव्हा हट्टी म्हणणाऱ्यांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही.

आता पुढे एली त्या रिकाम्या घरात परत येईल तेव्हा मालिका काय दाखवणार? पोर्च तर खर्च झालाय. त्या जागी तेवढंच जड काही लिहिलं असेल तर मी सगळ्यांदेखत कौतुक करीन. पण तोवर हा प्रश्न मी विचारणार, कॅन्टीनमध्येही विचारणार, आणि तो विचारला म्हणून मला त्या धमकीबाजांच्या रांगेत उभं केलेलं यापुढे अजिबात ऐकून घेणार नाही.