एका वेलांटीचे मानकरी

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलात? अभिनंदन. त्यातून देवगडच्या घरी बसून काम करायची परवानगी असेल, तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. आता एकच पथ्य पाळा: कामाची घाई करू नका. झटपट काम उरकणाऱ्या माणसाकडे तिथे जरा संशयानंच बघतात.

समजा, ॲपच्या मराठी पानावरच्या बटणावर ‘स्वीकारा’ऐवजी ‘स्विकारा’ छापलंय. नवखा माणूस फाईल उघडतो, वेलांटी दुरुस्त करतो आणि जेवायला जातो. असला आगाऊपणा नको. आधी तिकीट काढा, म्हणजे कामाची रीतसर नोंद करा. मग ते ग्रूमिंगच्या, म्हणजे कामांचा अंदाज बांधायच्या मीटिंगमध्ये मांडा, कारण वेलांटीला मेहनतीचे पॉइंट द्यायचे असतात: 1, 2, 3, 5, 8, 13. यात 4 नाही. 4 म्हणालात की तुम्ही नवे आहात हे लगेच कळतं. 1 तर चुकूनही म्हणू नका. म्हणणाऱ्याच्या गळ्यात तसली आणखी डझनभर तिकिटं पडतात. 5 म्हणा. “इतर भाषांवर परिणाम होतो का, ते बघावं लागेल,” एवढं जोडलंत की 8 सुद्धा पदरात पडतील.

सॉफ्टवेअर बनवायच्या या पद्धतीला अजाइल म्हणतात. 2001 साली अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला 17 जण जमले आणि त्यांनी तिच्या जाहीरनाम्यात पहिलंच कलम घातलं, की प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद मोलाचा. ते कलम कॉलवर वाचून दाखवू नका. प्रक्रियेत बसत नाही.

खरी मजा रिव्ह्यूला, म्हणजे केलेला बदल इतरांकडून तपासून घेताना. इथे आपल्याकडच्या माणसाला जन्मजात फायदा आहे. पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ आधी कोण ठेवणार, गाऱ्हाणं कोण घालणार, हे गावऱ्हाटीत वाढलेल्याला शिकवावं लागत नाही. कोडचंही तसंच. प्रत्येक फोल्डरचे मानकरी ठरलेले आणि त्यांच्या मंजुरीशिवाय वेलांटी जागची हलत नाही. एक हैदराबादला. दुसरा सिएटलला, त्याला मराठी वाचता येत नाही. तिसरा कंपनी सोडून गेलाय, पण मान अजून त्याच्याच नावावर. चिडू नका. मानकरी रुसला की पालखी उठत नाही, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. पहिला लिहील, “ही वेलांटी कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाईलमध्ये का नाही?” दुसरा लिहील, “डिझाइन डॉक्युमेंट कुठंय?” दोघांचे आभार माना आणि डॉक्युमेंट लिहायला घ्या: ऱ्हस्व ठेवली तर काय, दीर्घ केली तर काय. तिसरा पर्याय ‘काहीच न करणे’ हा लिहायला विसरू नका. बहुधा तोच पसंत पडतो.

पुढे कोडच्या आपोआप होणाऱ्या टेस्ट चालतात. एखादी लाल, म्हणजे नापास होईलच. तिचा तुमच्या वेलांटीशी काडीचा संबंध नसतो. पुन्हा चालवा. हिरवी झाली की कारण शोधू नका. गिट ब्लेम करून ती कोणी लिहिली हे बघायचा मोह तर कटाक्षानं टाळा. मॅनेजरचं नाव निघालं तर पंचाईत.

सिएटलशी कॉल रात्रीच असणार. तिकडे सकाळचे 9 वाजतात तेव्हा इकडे रात्रीचे साडेनऊ, आणि त्यांनी हिवाळ्याचं घड्याळ मागे घेतलं की साडेदहा. लाईट त्याच वेळी जाणार. मग टॉर्च घेऊन सड्यावर चढा, रेंज तिथेच येते. ‘ब्लॉकर काय?’ म्हणजे काम कशानं अडलंय, असं विचारलं तर वायरमनचं नाव सांगा. त्याला पुढच्या मीटिंगचं आमंत्रण जाईल. दिवसा पडवीत बसून काम करणार असाल, तर वाटेनं जाणारे तात्या थांबतीलच: “दिवसभर नुसतो बडबडतंस, पगार कित्याचो गावता रे तुका?” उत्तर देऊ नका. हाच प्रश्न अप्रेझलला जरा गोड भाषेत येतो, तेव्हा उत्तर लागेल.

तिथे ‘वेलांटी सुधारली’ असं लिहिणारा कायम तिथेच राहतो. ‘वापरकर्त्याचा संमती-अनुभव उंचावला, दोन खंडांतल्या टीममध्ये समन्वय साधला’ असं लिहा. तरी ‘अपेक्षेप्रमाणे’ हाच शेरा मिळेल, कारण वरचे शेरे किती जणांना द्यायचे, हे तुम्ही लिहायला बसण्याआधीच ठरलेलं असतं.

राहता राहिले गणपती. मुंबईतल्या सहकाऱ्यानं रजा मागितली तर मिळते. बिचारा 60 दिवस आधी आरक्षण उघडल्या उघडल्या कोकण रेल्वेच्या तिकिटासाठी बोटं झिजवून बसलेला असतो. तुम्ही मागितलीत तर मॅनेजर विचारेल, “पण तू तर घरीच आहेस ना? मग रजा कशाला?” वाद घालू नका. गणपतीवरच्या सजवलेल्या माटवीखाली एका बाजूला लॅपटॉप ठेवा आणि आरतीला उभे राहा. चुकून म्यूट निघाला आणि टाळ-झांजा सिएटलला ऐकू गेल्या, तर प्रॉडक्शनचा, म्हणजे चालू ॲप बिघडल्याचा अलर्ट वाजतोय म्हणा. पाच मिनिटांत अख्खी टीम शोधाशोधीला लागेल. तुमची मंत्रपुष्पांजली होऊन पंचखाद्य वाटून झालं, तरी त्यांचं कारण सापडलेलं नसेल.