उमेदवाराचा नवरा

न्यू जर्सीत शाळेच्या बोर्डाला, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाला, उभं राहायचं तर तेव्हा फक्त दहा मतदारांच्या सह्या लागत. दहा! मिरजेला आमच्या वाड्यातल्या नळाला पाणी येत नाही म्हणून जो अर्ज दिला होता, त्यावरसुद्धा बावीस सह्या होत्या. त्यामुळे २०१७ च्या जुलैत बायकोने पोळ्या लाटता लाटता "मी बोर्डाला उभी राहतेय" असं जाहीर केलं, तेव्हा मी "राहा की" म्हणून मोकळा झालो. हे दोन शब्द मला किती महागात पडणार होते, याचा अंदाज पोळीच्या वाफेत आला नाही.

त्याच शनिवारी एका मित्राकडे सत्यनारायण होता. सव्वीस मोठी माणसं. बातमी कळताच प्रसादाच्या वाट्या खाली ठेवून सगळ्यांनी हात हातात घेतले. "वहिनी, आपला फुल सपोर्ट!" मी लगेच खिशातून फॉर्म आणि पेन काढलं. मग उलगडा व्हायला लागला. अकरा जण एच-वन व्हिसावर. सहा ग्रीन कार्डवाले. चौघे नागरिक होते, पण राहायला शेजारच्या गावात. दोघांनी मतदार म्हणून नाव नोंदवायचं "या वीकेंडला करतोच" असं म्हणत ओबामांच्या दोन्ही खेपा काढल्या होत्या. शेवटी सव्वीस जणांच्या सपोर्टातून तीन सह्या निघाल्या. उरलेल्या सात मी आमच्या गल्लीतून आणल्या. त्यातल्या चार एकट्या शेजारच्या इटालियन आजींनी मिळवून दिल्या, कारण दर हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फ मी काढतो. आयुष्यात पहिल्यांदा मला फावड्याचं राजकीय महत्त्व कळलं.

अर्ज भरायची मुदत जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारपर्यंत, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, क्लार्कच्या कचेरीत. आम्ही तीन चाळीसला पोचलो. पार्किंग मिळेना, म्हणून ही धावत आत गेली आणि मी अग्निशामक नळासमोर गाडी घेऊन बसलो. प्रचाराचा पहिला खर्च तोच, पावतीसकट.

रात्री सांगलीहून सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. तीस वर्षं निवडणूक ड्युटी केलेली, मतपेट्या उशाशी घेऊन शाळेच्या बाकांवर झोपलेले. त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. सरळ विचारलं, "चिन्ह काय मिळालं?"

"बाबा, इथे चिन्ह नसतं."

"अहो जावईबुवा, चिन्ह नाही म्हणजे लोकांनी शिक्का मारायचा कशावर? कपबशी तरी मागा. आमच्याकडे कपबशीवाले फार पडत नाहीत."

चिन्ह नसतं, पक्षाचं नावही नसतं. शाळा बोर्डाची निवडणूक पक्षविरहित. दोन-तीन उमेदवार मिळून उभे राहिले की नावांपुढे एक घोषवाक्य लावतात; आमचं तीन शब्दांचं करायचं ठरलं. हिच्यासोबत एक चिनी दंतवैद्य बाई आणि एक निवृत्त फुटबॉल कोच असे तिघे होते. आमच्या डायनिंग टेबलावर त्या तीन शब्दांसाठी तीन तास बैठक चालली. मी "आधी मुलं" सुचवलं. कोच म्हणाले, ज्यांची मुलं मोठी होऊन निघून गेली ते मत देणार नाहीत, आणि मत देतात तेच. मी "कर कमी करू" म्हणालो. हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा टाकायला उठलो. इथे घरपट्टीचा निम्म्याहून जास्त पैसा शाळांना जातो, आणि तो वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायला कायद्याने लगाम आहे. पण मतदाराला ती दोन टक्के वाढ म्हणजे आपल्या किडनीची दोन टक्के वाटते. अखेर जे तीन शब्द ठरले ते इतके निरुपद्रवी होते की ते टूथपेस्टवरही चालले असते. दंतवैद्य बाईंना फार आवडले.

आता पैसा. मामेसासऱ्यांनी नाशिकहून पाच हजार एक रुपये पाठवतो म्हणून कळवलं. "शकुन आहे, नाही म्हणू नका." आणि मला नाही म्हणावं लागलं. अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्या माणसाने इथल्या कुठल्याही निवडणुकीला, अगदी शाळेच्या बोर्डालासुद्धा, पैसे देणं हा गुन्हा आहे. मामा दुखावले. त्यांच्या मते मी शकुन नाकारला होता. माझ्या मते मी एका निवडणुकीत रशियाचा आणि मामांचा हस्तक्षेप एकाच वेळी रोखला होता.

प्रचार म्हणजे दारोदार हिंडणं. भाषण नाही, जीप नाही, लाउडस्पीकर नाही. हातात मतदारांची यादी, खांद्याला पत्रकांची पिशवी. ही पुढे, मी मागे. माझं काम तीन प्रकारचं: यादीवर खुणा करणं, कुत्रा दिसला की तिच्या आणि कुत्र्याच्या मधे उभं राहणं, आणि लोक आमचं आडनाव वाचायला लागले की मदत करणं. आमच्या आडनावात एक ळ आणि एक जोडाक्षर आहे. एका आजोबांनी पत्रक हातात घेऊन तीनदा प्रयत्न केला, मग पत्रक परत देत म्हणाले, "बाई, मी तुम्हाला मत देईन, पण बोलून दाखवायला लावू नका."

पहिल्या रविवारी मी डोकं चालवलं. दार वाजवा, वाट पाहा, हसा, यापेक्षा सरळ टपालपेटीत पत्रक टाकलं तर? दीड तासात शंभर घरं उरकली. सोमवारी आमचा पोस्टमन दारात उभा. हातात माझ्या पत्रकांचा गठ्ठा. इथे टपालपेटी घराची असली तरी आतली जागा सरकारची, तिकिटाशिवाय त्यात काही घालता येत नाही. त्याने मला ते मोठ्या ममतेने समजावलं आणि गठ्ठा परत दिला. वर म्हणाला, "फोटो छान आलाय मॅडमचा."

एका घरी मात्र प्रकरण रंगलं. बेल वाजवली. आतून, म्हणजे बेलमधूनच, आवाज आला, "यस?" हिने सुरुवात केली. बेलने प्रश्न विचारला. हिने उत्तर दिलं. पूर्ण दिवसाची बालवाडी, शाळांच्या हद्दी बदलणं, सकाळी पावणेसातला येणारी बस, एकेक विषय निघत गेला. बेल हुशार होती. बेलला बजेट कळत होतं. मी बाजूला उभा राहून दोघींकडे आळीपाळीने पाहत होतो. बारा मिनिटांनी हिने विचारलं, "दोन मिनिटं बाहेर येता का, पत्रक देते." बेल म्हणाली, "मी ऑर्लँडोला आहे. गेल्या महिन्यातच घर विकलं. नवे मालक शुक्रवारी येतील." परत येताना अर्धी गल्ली ही एक शब्द बोलली नाही. मी यादीवर त्या घरापुढे काय खूण करावी या विचारात होतो.

आणि संध्याकाळच्या त्या गुजराती बा. त्यांनी पत्रक घेतलंच नाही, आम्हाला घेतलं. सोफ्यावर बसवून थेपले, छुंदा, चहा. चाळीस मिनिटं. निघताना हिने मताचं विचारलं तर म्हणाल्या, "मी तो व्हिजिटर छे, बेटा. एप्रिलमां जईश."

गणेशोत्सवात मला वाटलं होतं, मंडळाच्या स्टेजवर दोन मिनिटं मिळाली की काम फत्ते. मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था; कायद्याने त्यांना कुठल्याही उमेदवाराची बाजू घेता येत नाही. बरोबरच आहे. म्हणून आम्ही दोघे महाप्रसादाच्या वाढपाला उभे राहिलो. चारशे पानांवर मसालेभात वाढताना ही फक्त हसत होती, आणि मी मागून कुजबुजत होतो, "नोव्हेंबर सात, नोव्हेंबर सात." एका काकांना वाटलं, मी भात संपत आल्याची सूचना देतोय. त्यांनी दोनदा घेतला.

हसता हसता एक दिवस हसू थांबलं. मतदानाच्या आठवडाभर आधी जवळच्याच एडिसनमध्ये घरोघरी एक निनावी पोस्टकार्ड आलं. शाळा बोर्डाच्याच दोन उमेदवारांचे फोटो, एक चिनी वंशाचे, एक भारतीय वंशाच्या बाई, आणि दोघांच्या फोटोंवर "हद्दपार करा" असा शिक्का. एडिसन आमच्यापासून वीस मिनिटांवर. त्या रात्री मी हिला म्हटलं, "उद्या दारावर जायलाच पाहिजे का?" ती बुटांच्या नाड्या सुकायला हीटरवर टाकत होती. म्हणाली, "उद्याची यादी कुठे ठेवलीस?" एडिसनच्या त्या बाई निवडून आल्या. आमची ही त्रेचाळीस मतांनी पडली.

त्रेचाळीस! मी सत्यनारायणाची ती सव्वीस माणसं मनात मोजली, त्यांच्या बायकामुलांसकट.

पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली आणि निवडून आली. सासऱ्यांनी गुलालाचं विचारलं. मी सांगितलं, बाबा, निवडून आल्यावर पहिल्यांदा हिचे बोटांचे ठसे घेतले आणि गुन्हेगारी नोंदी तपासल्या. नियमच आहे. फोनवर मोठी शांतता पसरली. मग बाबा म्हणाले, "निवडून आल्यावर? आणि तुमच्याकडे तरीही लोक उभे राहतात?" पगाराचा आकडा सांगितला तेव्हा तर त्यांनी कॉल कट झाला असेल म्हणून पुन्हा लावला. आकडा शून्य होता. बोर्डाचे सदस्य बिनपगारी. मीटिंग संध्याकाळी सातला सुरू होते आणि कुणीतरी शाळेच्या पिझ्झ्यावर बोलायला उभं राहिलं की मध्यरात्रीपर्यंत चालते. माणशी तीन मिनिटं, पण माणसं पुष्कळ. त्या दिवसांत मी आमटी-भातात बराच पारंगत झालो.

मला वाटलं, भागलं. पण राजकारण हे लोणच्यासारखं असतं, मुरत जातं. २०२० च्या सुरुवातीला हिने सांगितलं, आता काउंटीला उभी राहते. फ्रीहोल्डर.

हा शब्द सासऱ्यांना समजावताना माझी अर्धी रविवार-सकाळ गेली. "फ्री म्हणजे पुन्हा बिनपगारी?" नाही, इथे पगार आहे. "मग होल्डर म्हणजे? धरून ठेवायचं काय?" वसाहतीच्या काळातला शब्द, जमीन मालकीची असलेला माणूस, तोच काय तो निवडून यायचा. साऱ्या अमेरिकेत एकट्या न्यू जर्सीने तो जपून ठेवला होता. "आपल्याकडे आहे का जमीन?" बाबा, पाव एकर, आणि ती बँकेची. शेवटी मी म्हणालो, जिल्हा परिषद समजा. रस्ते, पूल, बागा, तुरुंग, काउंटी कॉलेज. तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "मग गाडी मिळेल!"

गाडी नाही, पण त्या आधी रांग होती. शाळेच्या बोर्डाला पक्ष नव्हता, इथे पक्षाची प्राथमिक फेरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवणारी आधीची निवडणूक. आणि तेव्हा न्यू जर्सीच्या एकवीसपैकी एकोणीस काउंट्यांत मतपत्रिकेची मांडणी अशी असे की पक्षाच्या स्थानिक समितीने पसंत केलेले सगळे एका रांगेत, सगळ्यांत मोठ्या पदाचा उमेदवार आघाडीला आणि त्याच्या मागोमाग बाकीचे. तिला नुसतं "लाइन" म्हणत. म्हणजे सरळ पंगतच; यजमानांच्या माणसांसाठी पाट, रांगोळी, उदबत्ती. आगंतुकांचं पान कुठेतरी पलीकडे, मधे दोन-तीन रिकाम्या चौकटी सोडून, मोरीजवळ. त्या कोपऱ्याला इथले लोक "बॅलट सायबेरिया" म्हणत.

लाइन मिळावी म्हणून आम्ही पक्षाच्या एका वजनदार गृहस्थांना हायवेवरच्या डायनरमध्ये भेटलो. त्यांनी फ्राइजवर चीज आणि ग्रेव्ही घातलेला एक प्रकार मागवला आणि तो संपेपर्यंत हिचं बोलणं ऐकलं. रुमालाने तोंड पुसून म्हणाले, "तुमची वेळ येईल. तुम्ही लोक फार कष्टाळू असता." बिल मी दिलं. हिने गाडीत बसल्यावर दार जरा जोरात लावलं आणि म्हणाली, "सायबेरिया तर सायबेरिया." त्याच रात्री मी दोनशे फलकांची ऑर्डर दिली. अठरा बाय चोवीस इंच, खाली एच आकाराची तार, ठळक अक्षरांत: फ्रीहोल्डर.

फलक आले, त्याच्या पाठोपाठ कोरोना आला. अर्जाची मुदत ३० मार्च आणि २१ तारखेपासून सगळे घरात बंद. राज्यपालांनी सह्या ऑनलाइन घ्यायची परवानगी दिली. या वेळी दहांत भागणारं नव्हतं. एकेका काकांना फोनवर "आता खाली निळं बटण दिसतंय का" हे विचारत मी नऊ दिवस काढले. एका काकांनी फॉर्म भरण्याऐवजी त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला, अंगठा वर केलेल्या चित्रासह. सही म्हणे तीच.

अंगणांत फलक लावले, पण रस्त्यावर बघायला माणूस नव्हतं. जूनची निवडणूक ७ जुलैला गेली, मतपत्रिका टपालाने घरी आल्या. आमचीही आली. मी ती डायनिंग टेबलावर पसरून हिचं नाव शोधू लागलो. माहीत असून मला वीस सेकंदं लागली. हिने घड्याळ लावलं होतं.

पडली. किती मतांनी, ते सांगत नाही. या वेळी सव्वीस माणसांनी काही झालं नसतं. पुढच्याच महिन्यात राज्याने कायदा केला आणि १ जानेवारी २०२१ पासून फ्रीहोल्डर हा शब्दच रद्द झाला. आता कमिशनर. म्हणजे गॅरेजमध्ये उरलेले एकशे बारा फलक अशा पदाचे, जे पद आता पृथ्वीवर कुठेच नाही. मी त्यांच्या तारा उपटून परसात दोडक्याच्या वेलाला आधार केला. चांगल्या बळकट तारा. तीन उन्हाळे दोडका असा काही फोफावला की इटालियन आजीसुद्धा भाजी विचारून गेल्या. फलकांचे पुठ्ठे गॅरेजमध्येच पडून राहिले.

२९ मार्च २०२४ ला, शुक्रवारी, मी जेवायला बसलो होतो. ही फोनवर काहीतरी वाचत होती आणि जेवण गार होत होतं. फेडरल न्यायाधीशांनी त्या जूनच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीसाठी "लाइन" स्थगित केली होती. पंगत मोडली. आता सगळे एका चौकटीत, शेजारी शेजारी.

"या वर्षीची मुदत गेली," मी घाईघाईने म्हणालो. "सोमवारीच संपली."

"माहितीये." ती उठली आणि गॅरेजमध्ये गेली. पुठ्ठे सरकवल्याचे आवाज येत राहिले.

मी दारातून ओरडलो, "अगं, त्यांवर फ्रीहोल्डर छापलंय!"

"बघितलं मी," आतून आवाज आला. "स्टिकर लावता येईल. आधी त्या तारा काढून आण, दोडका लावायच्या आत."